रुंद चाकांसाठी सस्पेन्शनमध्ये करायचे बदल : मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या लहान गाडीचे उदाहरण

मूळ चाकांपेक्षा रुंद चाके बसवायची ठरली, की बहुतेक जण आधी चाके विकत घेतात आणि ती घासू लागल्यावर काय कापायचे, काय ठोकायचे याचा विचार करू लागतात. क्रम याच्या उलट हवा. चाकाभोवती किती जागा आहे, ती कोणत्या भागाने अडवली आहे आणि तो भाग बदलण्याजोगा आहे की नाही, हे कळल्याशिवाय रिमचे माप ठरवू नये. या लेखात उदाहरणासाठी २०११ साली बाजारात आलेली दुसऱ्या पिढीची मारुती सुझुकी स्विफ्ट घेतली आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारी, पिळली जाणारी आडवी तुळई) ही तिची रचना आपल्याकडील बहुतेक लहान गाड्यांत आढळते, त्यामुळे येथील पद्धत बलेनो किंवा आय-ट्वेंटीसारख्या गाड्यांनाही लागू पडते. मापे मात्र प्रत्येक गाडीची नव्याने घ्यावी लागतात.

कागदावरचा हिशेब

रिमच्या आतील बाजूस तिची रुंदी आणि ऑफसेट कोरलेला असतो. ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाला) टेकणारा पृष्ठभाग यांमधील अंतर. ते ‘ईटी’ या अक्षरांपुढे मिलिमीटरमध्ये दिलेले असते. रिमची निम्मी रुंदी अधिक ऑफसेट म्हणजे रिम हबपासून आत किती जाते, आणि निम्मी रुंदी वजा ऑफसेट म्हणजे ती बाहेर किती येते. उदाहरणार्थ, मूळ रिम १५ × ५.५, ईटी ४५ आहे आणि नवी १६ × ७, ईटी ४० घ्यायची आहे असे धरू. दीड इंच म्हणजे ३८.१ मिमी रुंदी वाढली, म्हणजे प्रत्येक बाजूस १९.०५ मिमी. ऑफसेट ५ मिमीने कमी झाल्याने चाक तेवढे बाहेर सरकले. परिणामी रिमची आतील कड सुमारे १४ मिमी आत गेली आणि बाहेरील कड सुमारे २४ मिमी बाहेर आली.

टायरचा हिशेब वेगळा करावा लागतो, कारण टायर रिमइतका वाढत नाही. १८५/६५ आर १५ या टायरची प्रत्यक्ष रुंदी ५.५ इंची रिमवर सुमारे १८९ मिमी असते. १९५/५५ आर १६ हा टायर ६ इंची रिमवर २०१ मिमी भरतो आणि रिम अर्ध्या इंचाने रुंद झाली की साधारण ५ मिमी पसरतो, म्हणजे ७ इंची रिमवर सुमारे २११ मिमी. दोन टायरांतील फरक २२ मिमी, प्रत्येक बाजूस ११. ऑफसेट धरला तर टायरचा फुगवटा आत फक्त ६ आणि बाहेर १६ मिमी सरकतो. म्हणून रिमची कड कोठे येते आणि टायरचा फुगवटा कोठे येतो, ही दोन मापे स्वतंत्रपणे काढावीत. ब्रेक कॅलिपर (ब्रेकची डिस्क दाबणारा भाग) आणि टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचे चाकाकडील टोक) यांचा संबंध रिमशी येतो, तर स्ट्रट आणि मडगार्ड यांचा मुख्यतः टायरशी.

या दोन टायरांची उंची जवळजवळ सारखीच, म्हणजे सुमारे ६२१ मिमी आहे. त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही आणि उंची वाढल्यामुळे टायर वरच्या अंगाने लागण्याचाही प्रश्न येत नाही. भारक्षमतेकडे मात्र लक्ष द्यावे. मूळ टायरचा लोड इंडेक्स ८८, म्हणजे ५६० किलो असेल, तर १९५/५५ आर १६ चा सर्वसाधारण टायर ८७ चा, म्हणजे ५४५ किलोचा असतो. मूळ आकड्याखाली उतरू नये हे बरे. याच मापाचा ‘एक्स्ट्रा लोड’ प्रकारातील ९१ चा टायर मिळत असेल तर तोच घ्यावा. माझ्या मते अशा गाडीला सात इंची रिम ही व्यवहारातील मर्यादा आहे. आठ इंची रिमवर ताणून बसवलेला टायर फोटोत छान दिसतो, पण पहिल्याच मोठ्या खड्ड्यात त्याची रिम वाकते.

दोन प्रकारच्या फटी

चाकाभोवतीच्या सगळ्या फटी एकाच प्रकारच्या नसतात, आणि हा भेद न कळल्यामुळे गॅरेजमध्ये नको तो भाग कापला जातो. मॅकफर्सन रचनेत स्ट्रटची खालची नळी नकलला (हब आणि ब्रेक धरणाऱ्या भागाला) दोन बोल्टांनी घट्ट जोडलेली असते. चाक वरखाली झाले की ती नळीही वरखाली होते. स्टिअरिंग वळवले की तीही वळते. त्यामुळे टायर आणि स्ट्रटची नळी, टायर आणि स्प्रिंगची खालची बशी, रिम आणि कॅलिपर, रिम आणि टाय रॉड एंडचा नकलला जोडलेला भाग, या फटी गाडी चालताना जवळजवळ बदलत नाहीत. गाडी जॅकवर, चाक लोंबकळत असतानाही त्या बिनचूक मोजता येतात. टायर वळणावर थोडा दबून आत सरकतो आणि खडे अडकतात, एवढ्यासाठी टायर व स्ट्रट यांमध्ये किमान ५ ते ६ मिमी, आणि रिम व कॅलिपर यांमध्ये किमान ३ मिमी मोकळे असावे.

दुसऱ्या प्रकारच्या फटी सांगाड्याशी निगडित असतात : मडगार्डची कड, आतील प्लॅस्टिकचा लाइनर, पुढच्या बंपरचा कोपरा, पूर्ण वळवल्यावर लोअर आर्म (नकलला खालून सांगाड्याशी जोडणारा भाग) आणि अँटी-रोल बार (वळणावर गाडीचे कलणे कमी करणारा दांडा). या फटी प्रत्येक क्षणी बदलतात. उभ्या गाडीत बोटभर दिसणारी फट चार माणसे बसून घाटातल्या वळणावर स्प्रिंग दबली की उरत नाही. म्हणून त्या मोजण्यासाठी सस्पेन्शन संपूर्ण दबलेल्या स्थितीत आणावे लागते.

त्याची रीत अशी. सपाट, पक्क्या जमिनीवर गाडीचा पुढचा भाग दोन जॅक स्टँडवर ठेवावा, मागच्या चाकांना ओंडके लावावेत आणि हँडब्रेक ओढावा. विटांचा किंवा नुसत्या जॅकचा आधार घेऊन गाडीखाली हात घालू नये. एका बाजूचा स्ट्रट काढून चांगल्या प्रतीच्या स्प्रिंग कॉम्प्रेसरने स्प्रिंग उतरवावी. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस जखमी करण्याइतकी शक्ती असते; कॉम्प्रेसरचे दोन्ही हूक समोरासमोर बसवून आळीपाळीने आवळावेत, आणि हे काम पूर्वी केलेले नसेल तर स्ट्रट वर्कशॉपमध्ये नेऊन सुटा करून घ्यावा. मग स्प्रिंगशिवाय, पण बंप स्टॉपसह (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर टेकणाऱ्या रबरी अडसरासह) तो पुन्हा गाडीत बसवावा आणि अँटी-रोल बारची लिंक दोन्ही बाजूंनी सोडावी. आता चाक बसवून लोअर आर्मखाली जॅक लावला, की चाक बंप स्टॉप दबेपर्यंत हाताच्या जोरावर वर नेता येते. सरळ, अर्धे वळवलेले आणि पूर्ण वळवलेले अशा तिन्ही स्थितींत ते वर न्यावे. संशयाच्या जागी मुलांच्या खेळण्यातील मेणमातीचा गोळा चिकटवून ठेवावा. चाक वर जाऊन खाली आले, की दबलेल्या थराची जाडी हीच तेथील खरी फट. सांगाड्याशी असलेली फट १० मिमीपेक्षा कमी भरली तर तेथे बदल आवश्यक आहे असे समजावे.

नवी चाके हाती नसताना हे कसे करायचे, हा प्रश्न रास्त आहे. जुने चाक लावून मोजावे आणि वर काढलेले आत-बाहेरचे फरक त्यातून वजा करावेत. किंवा ओळखीच्या टायर दुकानातून त्या मापाचे एक चाक तासाभरासाठी मागून आणावे.

पुढचे सस्पेन्शन

आतील बाजूस टायर स्ट्रटला किंवा स्प्रिंगच्या बशीला लागत असेल, तर सर्वांत सरळ उपाय कॉइलओव्हरचा, म्हणजे अरुंद स्प्रिंगच्या आणि उंची बदलता येणाऱ्या स्ट्रटचा आहे. मूळ स्प्रिंग रुंद असते, त्यामुळे तिची बशीही रुंद असते आणि ती टायरच्या माथ्याजवळ येते. कॉइलओव्हरमध्ये बहुधा ६० ते ६५ मिमी आतील व्यासाची स्प्रिंग असते, त्यामुळे बशी अरुंद होते आणि जागा सुटते. मात्र गाडी फार खाली बसवण्यासाठी हीच बशी खाली फिरवत नेली, तर ती टायरच्या माथ्याच्या खाली, त्याच्या कुशीला येते आणि मिळवलेली जागा पुन्हा जाते. आपल्या रस्त्यांवरचे गतिरोधक पाहता मूळ उंचीपेक्षा २० ते २५ मिमीहून अधिक खाली जाण्यात शहाणपण नाही.

कॅम्बरचा, म्हणजे समोरून पाहता चाकाच्या आत-बाहेर झुकावाचा, बदल दोन ठिकाणी करता येतो, आणि त्या दोहोंचा परिणाम वेगवेगळा आहे; हा मुद्दा नीट समजून घ्यावा. स्ट्रट आणि नकल यांच्या जोडातील एक बोल्ट काढून त्या जागी विकेंद्री कॅम्बर बोल्ट बसवला, तर नकल स्ट्रटच्या तुलनेत झुकते. निगेटिव्ह कॅम्बर दिल्यास चाकाचा माथा आत येतो, म्हणजेच स्ट्रटच्या जवळ जातो; अंशामागे टायरच्या माथ्यापाशी साधारण ४ ते ५ मिमी फट कमी होते. याउलट स्ट्रटच्या वरच्या टोकाला कॅम्बर प्लेट बसवून तेथून निगेटिव्ह कॅम्बर दिला, तर स्ट्रट आणि चाक दोन्ही एकत्र झुकतात. बाहेर मडगार्डपाशी जागा मिळते आणि आतील फट जशीच्या तशी राहते. म्हणून टायर केवळ मडगार्डला लागत असेल आणि आत भरपूर जागा असेल, तर स्वस्तातला कॅम्बर बोल्ट पुरतो. आतही जागा तंग असेल तर कॅम्बर प्लेटच हवी. दोन्ही एकत्र वापरून आणखी एक गोष्ट साधते : खालच्या बोल्टने चाकाचा माथा स्ट्रटपासून थोडा दूर ढकलायचा आणि वरच्या प्लेटने तेवढाच कॅम्बर परत मिळवायचा. एकूण कोन पूर्वीचाच राहतो, पण आतील फट वाढते.

कॅम्बर बोल्टचा दांडा मूळ बोल्टपेक्षा बारीक असतो, आणि जोड टिकतो तो पृष्ठभागांमधील घर्षणावर. त्यामुळे दोन्ही पृष्ठभागांवरील गंज आणि रंगाचे पापुद्रे साफ करावेत, नवा सेल्फ-लॉकिंग नट घ्यावा, बोल्ट बनवणाऱ्याने दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या ठरावीक जोरानेच) आवळावा आणि नट व ब्रॅकेटवर रंगाची एक रेघ ओढावी. रेघ सरकली की जोड सरकला. स्ट्रटच्या ब्रॅकेटचे भोक कानसीने लांबट करून देणारे कारागीर सर्वत्र भेटतात. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ती रीत दिली नसेल, तर त्या वाटेला जाऊ नये. काही युरोपीय बनावटीच्या गाड्यांत स्ट्रट नकलच्या खोबणीत शिरून चिमट्यासारखा आवळला जातो. तेथे कॅम्बर बोल्टला वावच नसतो.

संपूर्ण दबलेल्या स्थितीतच टायर लाइनरच्या माथ्याला लागत असेल, तर प्रवास मर्यादित करण्याचा उपाय आहे. बंप स्टॉपच्या वर पॅकर घातला की तो लवकर टेकतो. स्ट्रट चाकाला जवळजवळ थेट जोडलेला असल्याने १० मिमीचा पॅकर चाकाचा वरचा प्रवास जवळपास तेवढाच कमी करतो. गाडी आधीच खाली बसवली असेल, तर हा उपाय वापरू नये, कारण उरलासुरला प्रवासही संपतो आणि प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट सांगाड्याला बसतो. पूर्ण वळवल्यावर टायर लोअर आर्मला किंवा अँटी-रोल बारला लागत असेल, तर स्टिअरिंग रॅकच्या टोकाशी मर्यादक वॉशर घालता येतात. त्यामुळे गाडीला वळायला जागा अधिक लागते, ही किंमत शहरातल्या पार्किंगमध्ये रोज मोजावी लागते. अशा वेळी ५ मिमी कमी ऑफसेटची रिम घेणे अधिक सोयीचे नाही का, हे आधी तपासावे.

ब्रेकची होज आणि एबीएस सेन्सरची वायर यांच्याकडे हमखास दुर्लक्ष होते. नव्या स्ट्रटवर त्यांची पकड मूळ जागीच आहे ना, हे पाहावे आणि चाक पूर्ण लोंबकळलेले असताना दोन्ही टोकांना वळवून होज ताणली जात नाही, टायरला टेकतही नाही, याची खात्री करावी. होज प्लॅस्टिकच्या पट्टीने कोठेतरी बांधून ठेवणे हा उपाय नव्हे; नीट वाकवलेली पत्र्याची ब्रॅकेट करून घ्यावी.

काही भागांना हातच लावू नये. ‘थोडं ग्राइंडर मारलं की बसतंय’ हे वाक्य नकल, लोअर आर्म, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड किंवा कॅलिपर यांच्या बाबतीत ऐकू आले, तर गाडी तेथून काढून घ्यावी. स्ट्रटची नळी ठोकून चपटी केली तर आतील पिस्टन अडकतो. लोअर आर्म कापून, तुकडा जोडून लांब केला तर वेल्डिंगच्या जागी तो तुटू शकतो, शिवाय ड्राइव्ह शाफ्टही आतील जॉइंटमधून बाहेर ओढला जातो. स्प्रिंग कापणे किंवा गॅसने तापवून बसवणे हाही त्यातलाच प्रकार. जो भाग बोल्टने काढता येतो आणि ज्याच्या जागी योग्य मापाचा दुसरा भाग मिळतो, तेवढाच बदलावा.

मागची बाजू

मागे काम थोडे आहे. टॉर्शन बीमवर कॅम्बर आणि टो (वरून पाहता चाकाचा आत-बाहेर वळलेला कोन) बदलण्याची सोय नसते. स्टब ॲक्सल (चाक ज्यावर फिरते तो आखूड आस) बीमच्या फ्लँजवर चार बोल्टांनी बसवलेला असेल, तर त्यामध्ये उताराची शिम (पाचरीसारखी पातळ पट्टी) घालून सुमारे एक अंश कोन बदलता येतो. त्यासाठी बोल्ट पुरेसे लांब आहेत आणि ब्रेकचा पाइप ताणला जात नाही, हे पाहावे. आतल्या बाजूस डॅम्पर (शॉक ॲब्सॉर्बर), स्प्रिंगची बशी आणि इंधन भरण्याच्या नळीचे आवरण यांपासूनची फट मोजावी. एक चाक वर आणि दुसरे खाली अशा स्थितीत बीम पिळला जातो, म्हणून येथे दोन्ही चाके एकत्र नव्हे, तर एकेक वर उचलून पाहावे.

स्पेसर आणि स्टड

आतील बाजूस ३ ते ५ मिमी कमी पडत असतील आणि बाहेर जागा असेल, तर स्पेसर (हब आणि रिम यांमध्ये बसणारी चकती) चालतो. त्याच्याविषयीची भीती बहुतांशी निकृष्ट स्पेसरमुळे निर्माण झाली आहे. स्विफ्टसाठी चार भोकांचे १०० मिमी पीसीडी (बोल्टांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास), ५४.१ मिमी मध्यछिद्र आणि १२ × १.२५ चे, म्हणजे १२ मिमी जाडीचे आणि १.२५ मिमी अंतराच्या आट्यांचे स्टड (चाकाचे नट ज्यांवर बसतात ते दांडे) लागतात. स्पेसर हबच्या कडेवर नेमका बसणारा असावा. पातळ स्पेसरमुळे हबची मधली कड झाकली जाणार असेल, तर स्वतःची कड असलेला जाड स्पेसर घ्यावा. नट किमान स्टडच्या व्यासाइतका आत गेला पाहिजे, म्हणजे १२ मिमीच्या स्टडवर साधारण साडेनऊ ते दहा फेरे. तेवढे फेरे बसत नसतील, तर लांब स्टड टाकावेत. जुने स्टड हातोड्याने ठोकून काढले तर व्हील बेअरिंगवर डाग पडतो आणि काही दिवसांनी घरघर सुरू होते. त्यासाठी प्रेस किंवा पुलर वापरावा. नव्या अलॉयचे मध्यछिद्र ५४.१ पेक्षा मोठे असेल तर मापाची रिंग बसवावी, नाहीतर ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरते.

चाक जितके बाहेर येईल तितका स्टिअरिंगचा आस आणि टायरचा मध्य यांतील फरक वाढतो. खड्ड्याचा झटका हातापर्यंत येतो, ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूस ओढू शकते आणि बेअरिंगवरील भारही वाढतो. एका बाजूस एकूण १० मिमीपेक्षा अधिक सरकणार असेल, तर स्पेसरऐवजी योग्य ऑफसेटची रिम शोधावी.

मडगार्डची कड

कॅम्बर देऊनही कडेला लागत असेल, तर कड आत दुमडावी लागते. हबला बसणाऱ्या रोलरने, रंग हीट गनने कोमट करून, थोडे थोडे दुमडावे. लाकडी दांडा घालून गाडी पुढेमागे ढकलण्याच्या जुन्या पद्धतीत पत्रा लाटेसारखा होतो. मागच्या कमानीत आतला आणि बाहेरचा असे दोन पत्रे एकत्र जोडलेले असतात आणि त्यांमध्ये सीलंट असते. दुमडताना ते तडकले की पाणी आत शिरते; कोकणातल्या किंवा गोव्यातल्या दमट हवेत तेथे गंज धरायला एक पावसाळा पुरतो. म्हणून दुमडल्यावर लगेच प्रायमर, नवे सीलंट आणि अंडरबॉडी कोटिंग, हा क्रम पाळावा.

जोडणी, अलाइनमेंट आणि परवानगी

लोअर आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, तिच्या वजनाखालीच अखेरचे आवळावेत. लोंबकळलेल्या स्थितीत आवळले तर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. चाकाचे नट मॅन्युअलमधील टॉर्कनुसार, समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. कॅम्बर बदलला की टो बदलतोच, त्यामुळे अलाइनमेंटविना गाडी लांब नेऊ नये. रोजच्या वापरासाठी पुढे उणे १ ते उणे १.५ अंश कॅम्बर आणि शून्याच्या जवळपास टो पुरेसा आहे. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक नसावा. अलाइनमेंटवाल्याकडून आधीचे आणि नंतरचे, असे दोन्ही छापील आकडे मागून घ्यावेत.

कायद्याची बाजू चाके घेण्याआधीच पाहावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणारा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंडाची, सहा महिन्यांपर्यंत कैदेची किंवा दोन्हींची तरतूद आहे. आपल्या मॉडेलच्या वरच्या श्रेणीला उत्पादकानेच दिलेले माप निवडणे म्हणूनच सर्वांत निर्धोक. त्यापलीकडे जायचे असल्यास आरटीओत विचारणा करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे, अन्यथा अपघातानंतर दावा अडू शकतो. केवळ ट्रॅकवर किंवा ऑटोक्रॉसमध्ये उतरवायच्या गाडीसाठी त्या स्पर्धेच्या वर्गाचे नियम वाचावेत. काही वर्गांत रिमची रुंदी आणि कॅम्बर प्लेट, दोन्हींवर बंधन असते.

पहिल्या आठवड्यात गाडीत पूर्ण माणसे बसवून एखादा घाट चढून-उतरून यावे आणि परतल्यावर चारही चाके काढून लाइनर, स्ट्रटची नळी, होज आणि मडगार्डची आतील कड टॉर्चने पाहावी. घासल्याची काळी, चकचकीत खूण कोठेही दिसली, तर ती फट पुन्हा मोजावी. काढलेले मूळ स्ट्रट, बोल्ट आणि स्टड पिशवीत घालून, डावे-उजवे असे चिठ्ठीवर लिहून जपून ठेवावेत. गाडी विकताना किंवा नोंदणीच्या नूतनीकरणासाठी नेताना तेच लागतात.